ढेकरांची पंगत

सरांचं नाव निघालं की आमच्या वेळचे लोक अजूनही हसायला लागतात. विटांचे किस्से निघतात, दुपट्ट्यांचे निघतात आणि रविवारच्या पंगतीचे तर निघतातच. मी मधेच उठून चहा टाकायला जाते. मला ते हसणं सोसत नाही. हसणारे सगळे त्या पंगतीत वांग्याच्या भाजीवर ताव मारून गेलेले आहेत, पण शेवटपर्यंत थांबलं कोण, तर मी. मीही काही हौसेनं थांबले नव्हते. माझं कामच तसं होतं. मी भूल देणारी. पेशंट झोपतो तेव्हा आणि उठतो तेव्हा, दोन्ही वेळा त्याच्या उशाशी मीच असायची.

सत्तरनंतरची ती वर्षं. नागपुरातला आमचा दवाखाना धर्मादाय होता, इमारत जुनी, पंखे त्याहून जुने, आणि मे महिन्यात ऑपरेशन थिएटरच्या दारात ओली गोणपाटं टांगावी लागत. सर तिथले सर्जन. पोटाचे, आणि पोटातही जळजळीचे. जळजळ म्हणजे साधं पित्त नव्हे. जेवून माणूस वाकला की तोंडात आंबट पाणी, आडवा झाला की छातीत निखारा, झोपेत अन्न घशाशी, आणि हे वर्षानुवर्षं चाललं की अन्ननळीला आतून जखमा. वर्‍हाडातलं तिखट आणि आमच्याकडची तर्री खाऊन वाढलेली माणसं. त्यांना हे दुखणं म्हणजे दुखणं आहे हेच ठाऊक नसायचं. "पोट आहे, जळणारच" म्हणत लोक खायचा सोडा फाकत आणि पुन्हा जेवायला बसत. त्या वेळी आमच्याकडे एक पांढरं चिकट औषध होतं. ते प्यायचं नाहीतर पोट उघडायचं, तिसरा रस्ता नव्हता.

सर माणसाला नाव विचारायच्या आधी जळजळ विचारायचे. लग्नात, दुकानात, स्मशानातसुद्धा. "काय गा, वाकल्यावर पाणी येते का तोंडात?" समोरच्यानं हो म्हटलं की सरांचा चेहरा खुलायचा, लाज वाटावी इतका. त्यांच्या स्कूटरच्या डिकीत कायम विटा असायच्या. पलंगाचं उशाकडचं टोक उंच केलं की आम्ल वर चढत नाही, म्हणून ज्याच्या घरी जातील त्याच्या पलंगाखाली ते विटा सारून यायचे, विचारत नसत. एकदा एका लग्नात जानवशात झोपलेल्या नवरदेवाच्या बापाच्या खाटेखाली त्यांनी विटा घातल्या. तो गृहस्थ घसरत घसरत पायथ्याशी पोचला आणि वरपक्षानं हा अपमान समजून भांडण काढलं. सर म्हणाले, "भांडा, पण आधी सांगा, रात्री जळलं का?" जळलं नव्हतं. भांडण मिटलं.

ऑपरेशन समजावून सांगायला ते पेशंटच्या नातेवाइकाच्या गळ्यातला दुपट्टा ओढून घेत. उन्हाळ्यात आमच्याकडे दुपट्ट्याशिवाय कुणी घराबाहेर पडत नाही, तेव्हा दुपट्टा हाताशी असायचाच. स्वतःचं मनगट उभं धरत. "ही अन्ननळी. हिच्या खाली पोटाची पिशवी. दोघींच्या मधातली आवळ ढिली झाली तुह्या बापाची. आता मी काय करतो, त्या पिशवीचाच वरचा भाग घेतो अन् नळीभोवती असा गुंडाळतो." दुपट्टा मनगटाभोवती फिरायचा. पूर्ण फेरा घातला तर ती पूर्ण गुंडाळी, मागून आणून अर्ध्यावरच टाचला तर अर्धी. समजावून झालं की दुपट्टा मनगटावर तसाच ठेवून सर पुढच्या खाटेकडे जात. त्यांच्या घरी दुपट्ट्यांचा ढीग होता. नातेवाईक पुढे पुढे शहाणे झाले, सरांचा राउंड आला की दुपट्टे कमरेला बांधून ठेवत.

पूर्ण की अर्धी, हा सरांच्या आयुष्याचा प्रश्न होता. मी थट्टेनं म्हणत नाही. दुसऱ्या वॉर्डाचे सर्जन अर्धीवाले. ते शांत, बुटके, बोलताना चष्मा पुसणारे. कँटीनमध्ये दोघांची रोज जुंपायची आणि आम्ही समोसा धरून ऐकत बसायचो. ते म्हणायचे, "अहो, पूर्ण आवळल्यावर माणसाला ढेकर येत नाही, उलटी होत नाही. पोटात गेलेली हवा जाणार कुठं? घराला एकच दार आणि तेही तुम्ही बाहेरून बंद करता."

"अन् तुमच्या अर्ध्या गुंडाळीत वर्षभरात जळजळ परत येते त्याचं काय?" सर ओरडायचे. "अर्धवट काम करता अन् माणुसकीच्या गोष्टी सांगता!"

"काहींची येते."

"माह्या एकाचीही येत नाही. अन् ढेकर येते का नाही ते ऐकायला रविवारी घरी या."

हीच ती पंगत. सरांचा कागदावर विश्वास नव्हता. क्ष-किरणाच्या फोटोवरही फारसा नव्हता. पेशंटला दवाखान्यात बोलावून विचारलं तर तो घाबरून काहीही सांगतो, असं त्यांचं ठाम मत होतं. "माणूस खुर्चीवर खोटं बोलते, पाटावर नाही," असं ते म्हणत. म्हणून ऑपरेशन झालेल्यांना ते रविवारी सकाळी सक्करदऱ्याच्या आपल्या घरी जेवायला बोलावत. पूर्णवाले आणि अर्धीवाले, दोघेही. कारण सुरुवातीला सर दोन्ही ऑपरेशनं करायचे, खरीखुरी तुलना व्हावी म्हणून. ज्वारीची भाकरी, वांग्याची भाजी, ठेचा, वरून तेलाची धार. आणि शेवटी प्रत्येकाला गोटी सोड्याची एकेक बाटली. सोडा संपला की सर पंगतीच्या मधोमध उभे राहत, हात मागे बांधून, मान कलती करून. आणि ऐकत.

एकेक ढेकर यायचा. ओळीनं. सर प्रत्येकाकडे बघून मान डोलवायचे, गाणं ऐकणारा माणूस समेवर डोलवतो तशी. मला पहिल्यांदा हसू आवरलं नव्हतं. स्वयंपाकघराच्या दारात काकू उभ्या होत्या, म्हणजे सरांच्या मिसेस. त्या म्हणाल्या, "हस बाई, हस. लोकांच्या घरी रेडिओ लावतात, आमच्याकडे हे."

अशा कितीतरी पंगती झाल्यावर सरांचा निकाल तयार झाला. अर्धीवाल्यांपैकी काही जण ठेच्याला हात लावेनासे झाले होते, छाती चोळत पाणी मागत होते. पूर्णवाले ठेचा मागून घेत होते, आणि सोड्यानंतर सगळ्यात दणदणीत ढेकर त्यांचेच. जळजळ नाही, वर ढेकरही येतो. आणखी काय पाहिजे? ते अर्धीवाले सर्जन एका रविवारी खरंच आले. जेवले, शेवटपर्यंत बसले, ऐकलं. हात धुताना मला एवढंच म्हणाले, "नवल आहे बुवा. असं व्हायला नको खरं तर." आणि चष्मा पुसत निघून गेले. तेव्हापासून सरांनी अर्धी गुंडाळी करणं सोडलं.

आता काकूंबद्दल सांगते. ते सांगितल्याशिवाय सरांचं चित्र पुरं होत नाही, आणि सांगायला लागले की माझा राग वर येतो, म्हणून इतका वेळ विटा आणि दुपट्टे सांगत बसले.

सगळ्या नागपूरला जळजळ विचारणाऱ्या माणसाच्या घरात सगळ्यात जास्त जळत होतं ते काकूंना. त्या पलंगावर आडव्या झोपतच नसत, भिंतीला पाठ लावून बसल्या बसल्या डोळा लावायच्या. पंगतीची वांगी स्वतः करायच्या आणि स्वतः दूधभात खायच्या. मी म्हटलं, "काकू, तुम्ही सरांना सांगत नाही का?" तर म्हणाल्या, "त्यांना माहीत आहे गं. ते ठरवून राहिले आहेत." म्हणजे काय, तर काकूंसाठी कोणतं ऑपरेशन चांगलं ते सर ठरवताहेत. म्हणजे ही पंगत, ही तुलना, कँटीनमधली भांडणं, सगळं या एका बाईसाठी चाललं होतं. मी त्या दिवसापासून सरांना हसणं सोडलं. बायकोवर चुकीचं ऑपरेशन होऊ नये म्हणून तो माणूस वर्षानुवर्षं लोकांचे ढेकर ऐकत उभा होता.

मग काकूंना गिळताना अडकायला लागलं. भाकरी आधी गेली, मग पोळी, मग भातही घास घास करून. जखमा होऊन होऊन नळी अरुंद होत चालली होती. थांबायला वेळ उरला नाही.

सरांनी त्यांना माझ्यासमोर विचारलं, "पूर्ण की अर्धी? तू सांग. तुझं पोट आहे."

काकू म्हणाल्या, "मला काय कळतं? पण रविवारी मी आतून ऐकते ना. पूर्णवाले किती समाधानानं जेवतात! मला तसंच जेवायचं आहे एकदा. पूर्णच करा."

आपल्या माणसाला आपण चिरू नये, असा सर्जन लोकांत दंडक आहे. सरांनी तो मोडला. दुसऱ्या कुणाच्या हातावर त्यांचा विश्वास नव्हता. भूल मी दिली. गुंडाळी फार घट्ट होऊ नये म्हणून तोंडावाटे एक जाड रबरी नळी खाली सारून ठेवायची असते, ते कामही माझंच. सरांनी अन्ननळीभोवती जठर गुंडाळलं, टाके घेतले, गुंडाळीखाली बोट घालून पाहिलं. "बोट जाते," ते म्हणाले. "सुरेख." खरंच सुरेख होतं. मी शेकडो पोटं पाहिली आहेत, इतकं नेटकं काम दुसरं पाहिलं नाही. हे मी मुद्दाम सांगते, कारण नंतर लोक म्हणायला लागले की नवऱ्याचा हात थरथरला असेल. हात अजिबात थरथरला नव्हता.

जळजळ गेली. काकू कितीतरी वर्षांनी आडव्या झोपल्या. त्यांनी मला घरी बोलावून वांग्याची भाजी वाढली आणि स्वतःही माझ्यासोबत बसल्या. चार घास झाले आणि त्यांनी हात थांबवला. "पोट भरलं," म्हणाल्या. भरलं नव्हतं, फुगलं होतं. लुगड्याच्या निऱ्या त्या सैल करत होत्या. छातीखाली दोन्ही हात दाबून बसल्या, चेहरा पांढरा पडलेला. ढेकर आला की सुटेल असं वाटत होतं, आणि ढेकर येत नव्हता.

सर म्हणाले, "येईल. बाकी सगळ्यांना येते ना? सवय होईल."

उन्हाळ्यात एकदा दही बाधलं. काकूंना ओकाऱ्या सुरू झाल्या, पण बाहेर काहीच पडेना. सगळं अंग पिळवटायचं, डोळे बाहेर यायचे, आणि नुसता आवाज. सर तसराळं धरून शेजारी उभे होते. ते तसराळं कोरडंच राहिलं. शेवटी मी नाकातून नळी घालून पोट रिकामं केलं. बाप्पा, ती दुपार मला आठवली तरी घाम फुटतो. शांत झाल्यावर काकू मला म्हणाल्या, "सगळ्यांचं ठीक झालं गं. माझ्याच शरीरात काहीतरी खोट आहे. त्यांचं नाव मी खराब केलं." मला इतका संताप आला की मी त्यांच्यावरच ओरडले. पण मीही पंगतीत बसून ते ढेकर कानांनी ऐकलेच होते ना.

मग एके दिवशी सरांचा फोन आला. दवाखान्याच्या ऑफिसात मला धावत बोलावलं. "आला!" सर फोनवर ओरडत होते.

"काय आला सर?"

"अहो, हिला ढेकर आला! वरणभातावर! दोन आले!"

संध्याकाळी त्यांनी सगळ्या वॉर्डात पेढे वाटले. विचारणाऱ्याला काय सांगावं ते कुणाला कळेना. अर्धीवाल्या सर्जनच्या टेबलावर त्यांनी स्वतः जाऊन पेढा ठेवला. मीही खाल्ला. वाटलं, चला, बाईचे भोग संपले.

त्यानंतरचा रविवार. पंगत नेहमीसारखी बसली होती. सर पूर्ण खुशीत, स्वतः सोड्याच्या बाटल्या फोडून देत होते. काकू भाकरीची टोपली घेऊन वाढत होत्या. ओळीत हुडकेश्वरची दूधवाली होती. तिच्या घरी म्हशी, सरांकडे दूध तीच घालायची, आणि तिचं पूर्ण गुंडाळीचं ऑपरेशन सरांनीच केलं होतं. बाई मोठी मोकळी. पलीकडे कळमेश्वरचा एक शिंपी, आणखी चारपाच जण. सोडे झाले, ढेकर झाले. सरांनी काकूंना म्हटलं, "तू पण ये. तू पण पेशंटच आहेस." काकू लाजत पाटावर टेकल्या, दोन घोट सोडा प्यायल्या आणि त्यांनीही एक ढेकर दिला.

दूधवालीनं मांडीवर थाप मारली. "वा वं बाई! माह्यापेक्षाबी चांगला काढून राहिल्या तुमी. पयले तं जमेच ना तुमाले."

सर हसतच म्हणाले, "काय जमेना?"

"ढेकर जी."

"ढेकर काय जमवा लागते? तो येते."

"येते कुठून जी?" दूधवाली म्हणाली. अगदी निर्मळपणे, समोरच्याला हे ठाऊक असणारच अशा समजुतीनं. "खालचं तं तुमी बंद करून टाकलं ना. वरच्यावर काढा लागते. असं." तिनं हनुवटी आत घेतली, गटकन हवा गिळली आणि तिथूनच, घशाच्या खालून, परत काढली. दणदणीत. "मीनंच शिकवलं बाईले. दूध घालाले येतो तं बाई रडून राहिल्या होत्या. म्हटलं, त्याच्यात काय रडाचं?"

पंगतीत दोघेतिघे हसले. कळमेश्वरचा शिंपी म्हणाला, "मले तं पयल्याच रविवारी बाजूच्यानं शिकवलं. आमी सारे तसंच करतो जी."

सर हसायचं विसरले. सोड्याची उघडी बाटली त्यांच्या हातात होती. "काहून?" ते म्हणाले. आवाज इतका बारीक की मला वाटलं त्यांना चक्कर येते आहे. "काहून करता असं?"

आता दूधवाली गोंधळली. "आता जी... तुमी आमची जळजळ काढली. घरी बोलावून जेवू घालता. बाई सोता वाढते. अन् जेवल्यावर आमी ढेकर नाई दिला, तं अन्न गोड लागलं नाई असं नाई का होत? तुमी तिथं कान देऊन उभे राहता. कसं बसावं तोंड बंद करून?"

"अन् पोट?"

"पोट तं फुगतेच जी. सोडा पेल्यावर तं जीव जाते का राहते असं होते. घरी जाऊन पडतो मंग पालथी."

"मले सांगितलं काहून नाही?"

"तुमी पुसलं कधी? तुमी पुसता, जळते का? जळत तं नाई."

सर खाली वाकले आणि एकेकाच्या समोरून सोड्याची बाटली उचलायला लागले. भरलेल्या, अर्ध्या, रिकाम्या, सगळ्या. काखेत धरल्या, छातीशी धरल्या, एक फुटली. काकू पाटावर मान खाली घालून बसल्या होत्या. सरांनी त्यांच्या समोरची बाटलीसुद्धा उचलली, पण त्यांच्याकडे पाहिलं नाही. लोक पानं तशीच सोडून, घाईत एकमेकांच्या चपला घालून निघून गेले. दूधवाली दारात मला विचारत होती, "माह्यं काही चुकलं का वं बाई?" तिचं काय चुकलं होतं? डोंबल! पाहुण्यानं यजमानाचं मन राखलं, एवढंच झालं होतं. त्या मन राखण्यानं आमच्या साऱ्या विद्येला चुना लावला, आणि त्याची किंमत पडली त्या बाईच्या पोटावर, जिच्यासाठी हा सगळा खटाटोप होता.

त्या दिवसानंतर सरांनी कुणाला जळजळ विचारली नाही. पुन्हा पंगत बसली नाही. आठवड्याभरात ते दुसऱ्या वॉर्डात गेले, त्याच सर्जनकडे ज्यांना ते चारचौघांत अर्धवट म्हणत. मी तिथे होते. सर उभ्या उभ्या म्हणाले, "माझी चूक झाली. हिची गुंडाळी सोडवा. अर्धी करा."

ते कितीतरी वेळ चष्मा पुसत राहिले. "सर, एव्हाना सगळं एकमेकांना चिकटलं असेल. दुसऱ्यांदा उघडणं सोपं नाही, तुम्हाला मी काय सांगू?"

"ती चार घासांच्या वर जेवत नाही हो," सर म्हणाले, आणि त्या खोलीत ढसाढसा रडले.

काकूंना पुन्हा पोट उघडायची मुळीच इच्छा नव्हती. "राहू द्या ना," त्या म्हणाल्या, "चार घास पुरतात मला." पण सर त्यांच्या पायथ्याशी बसून राहायचे, न जेवता, आणि शेवटी काकूंनी होकार दिला. त्यांच्या पोटासाठी नाही, सर जेवावेत म्हणून.

भूल पुन्हा मीच दिली. या वेळी चाकू त्या अर्धीवाल्या सर्जनच्या हातात होता, सरांच्या हातात काही नव्हतं. ते माझ्या शेजारी काकूंच्या उशाशी उभे होते, एक हात त्यांच्या केसांवर. पोट उघडलं. यकृत, जठर, नळी, सगळा एकच गोळा. कुठं काय संपतं आणि काय सुरू होतं तेच दिसेना. त्या शांत माणसानं फार धीरानं प्रयत्न केला. थोडं सुटलं असं वाटलं आणि प्लीहेच्या बाजूनं रक्त यायला लागलं. ते थांबवलं, पुन्हा हात घातला, पुन्हा रक्त. मग त्यांनी मान वर केली. "पुढं गेलो तर फाटेल, सर. सोडवता येत नाही. तुम्ही सांगा."

सरांनी फार वेळ घेतला नाही. "बंद करा," म्हणाले.

म्हणजे दुसऱ्यांदा पोट चिरलं आणि जसं होतं तसंच शिवून टाकलं. त्या शिवणीचा प्रत्येक टाका मी पाहिला. परमेश्वर वगैरे मी मानत नाही, पण त्या दिवशी कुणीतरी असायला हवं होतं, निदान शिव्या घालायला तरी.

काकू जाग्या झाल्या. जीभ जड होती. सर त्यांच्यावर वाकले होते. काकूंनी विचारलं, "झालं का मोकळं?"

लोकांनी खोटे ढेकर दिले म्हणून ज्या माणसाचा जगावरचा विश्वास उडाला होता, तो माणूस म्हणाला, "झालं. एकदम मोकळं झालं. आता पोटभर जेवशील."

मी सरांकडे पाहिलं. त्यांनी नजर चुकवली. ते दुसरे सर्जन हळूच दाराबाहेर गेले.

काही दिवसांनी काकूंना पेज द्यायला सुरुवात झाली. सर स्वतः वाटी आणि चमचा घेऊन बसायचे. मी नाडी बघायला गेले होते. काकूंनी अर्धी वाटी पेज घेतली, थोडं थांबल्या, सरांकडे पाहिलं. हनुवटी किंचित आत गेली. आणि ढेकर दिला. सर म्हणाले, "बघ! म्हटलं नव्हतं?" आणि वाटी घेऊन उठले, ती विसळायला बाहेर गेले.

काकूंनी मला खुणेनं जवळ बोलावलं. पोटावर हात ठेवलेला होता, वरून दाबलेला.

"काही सुटलेलं नाही ना गं?" त्या म्हणाल्या.

खोटं बोलणं मला जमलं नाही. "नाही काकू."

"मला जाग आली तेव्हाच कळलं. पोट सांगतंच ना." बाहेर नळाचा आवाज येत होता. त्या दाराकडे बघत, घाईघाईनं बोलल्या, "त्यांना सांगू नकोस हं, मला कळलंय म्हणून. कालपासून नीट जेवायला लागलेत ते."

मी सांगितलं नाही. कुणाला सांगणार, आणि कशासाठी? थोड्याच वर्षांत जळजळीवरच्या गोळ्या नागपुरात आल्या, ज्यांनी आम्लच कमी होतं. पहिल्यांदा ती गोळ्यांची पट्टी एका पेशंटच्या हातात पाहिली तेव्हा मी ती मागून घेतली आणि वॉर्डातल्या स्टुलावर बसून दोनदा वाचली. सरांनी ऑपरेशनं केव्हाच सोडली होती. मी अधूनमधून सक्करदऱ्याला जायची. काकू वाळत चालल्या होत्या, पदराखाली नुसती हाडं. दोघं समोरासमोर पाटावर बसून जेवत, त्या चार घास आणि सर त्यांच्याकडे बघत बघत जरा जास्त. जेवण झालं की काकू हवा गिळायच्या आणि ढेकर द्यायच्या, न चुकता. मग सर विचारायचे, "कसं वाटतं?"

"बरं वाटतं," काकू म्हणायच्या.